शकुताई टर्नर

"बाळंतीण कुठी हाये?"

शकुताई गावंडे माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडच्या दारात मी उभा होतो आणि माझ्या दोन्ही हातांवर, आईच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेले, एका परदेशी डर्ट बाईकचे पुढचे दोन शॉकअप होते. पुण्याहून आणताना ओरखडा पडू नये म्हणून अख्खा प्रवास मी त्यांना मांडीवर घेऊन बसलो होतो. शकुताईंनी मशीन बंद केलं नाही की मान वर केली नाही. चष्म्यावरून दुपट्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं.

"कोण बाळंतीण?" मी म्हटलं.

"मंग हे लेकरू कोनाचं उचलून आनलं?"

मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. सहा दिवस फळ्यावर बाण काढून मुलांना सांगायचं की पडणारी वस्तू जमिनीवर किती जोरात आदळते, आणि सातव्या दिवशी ते स्वतःच्या अंगावर सिद्ध करायचं, असा तेव्हा माझा क्रम होता. डर्ट बाईक म्हणजे माती, खड्डे आणि टेकाडं यांवरून पळवायची गाडी. तिला दिवे नसतात, आरसे नसतात, आणि चालवणाऱ्याला अक्कल असावी अशी अट नसते. माझी गाडी हलकी, देशी, आणि तिचे पुढचे पाय बगळ्यासारखे. प्रत्येक उडीनंतर ते तळाला जाऊन आपटायचे आणि माझे दात वाजायचे. त्यात पुण्यात कुणाची तरी मोठी परदेशी गाडी मागून चेचली गेली, पण तिचे पुढचे जाडजूड शॉकअप शाबूत राहिले, आणि मी ते घेतले. एका गाडीचे पाय दुसऱ्या गाडीला लावायचे, एवढंच काम. व्हिडिओत एक टोपीवाला हे वीस मिनिटांत करत होता.

हे मी शकुताईंना सांगितलं.

"त्याच टोपीवाल्याले लावा न फोन," त्या म्हणाल्या. "ईस मिनिटात करते म्हनता, मंग अर्ध्या घंट्यात येऊनच जाईन थो."

मग त्यांनी मशीन थांबवलं आणि मला माझ्याच गाडीबद्दल शिकवलं. दोन्ही शॉकअप ज्या आडव्या पट्टीत आवळलेले असतात, तिच्या मधोमध एक पोकळ दांडा उभा असतो. तो गाडीच्या मानेतून वर जातो आणि त्याच्यावर हँडल वळतं. मेकॅनिक या सगळ्याला मिळून 'टी' म्हणतात. परदेशी टीचा दांडा माझ्या गाडीच्या मानेपेक्षा जाड आणि लांब होता. म्हणजे तो दाबून बाहेर काढायचा, माझ्या मापाचा नवीन दांडा लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवत कापणाऱ्या त्या मशीनवर, घडवायचा, आणि तो त्या पट्टीत असा दाबून बसवायचा की पुन्हा जन्मात हलता कामा नये. गाडी उडी मारून खाली येते तेव्हा स्वाराचं सगळं आयुष्य त्या वीतभर दांड्यावर उभं असतं.

"वजन किती तुमचं?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"अन् हे पाय ज्या गाडीचे हायेत, ते केवढी होती?"

मी सांगितलं.

"म्हंजे म्हशीचे पाय बकरीले लावून राहिले तुमी. बकरी पळन का बाप्पा? आंधी आतल्या स्प्रिंगा नरम पाहा. अन् हे पाय तुमच्या गाडीपेक्षा लांब हायेत, गाडी नाक वर करून चालन. वरून दोन बोटं सरकवून आवळा लागन." मग, "काय शिकोता तुमी पोट्ट्यायले?"

"भौतिकशास्त्र."

"असं." त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं. "पास होतेत का ते?"

त्या दिवसापासून त्यांनी मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. तो शब्द त्या उच्चारायच्या तेव्हा त्यात आदर शोधायला भिंग लागलं असतं.

शकुताई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. साडी घोट्याच्या वर खोचलेली, तिच्यावर नवऱ्याचा खाकी शर्ट, त्याच्या बाह्या कोपराच्या वर कापून टाकलेल्या. हातात बांगडी नाही. नवरा धडधाकट समोर बसलेला असताना हात मोकळे ठेवायचे म्हणजे काय, यावर शेजारच्या बायकांनी बरीच वर्षं विचार केला होता. एकीने शेवटी विचारलं तेव्हा शकुताई म्हणाल्या, "फिरत्या मशीनमधी बांगडी गेली तर हात संगं जाते. मंग सवाशिनीचं वाण कायच्यात घेऊ, झोळीत?"

वडील बडनेऱ्याला रेल्वेत फिटर. मुलीला टर्नरचं, म्हणजे लेथ चालवायचं, शिकायचं आहे म्हटल्यावर आईने दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून परवानगी दिली, असं शकुताई सांगत. आयटीआयच्या त्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. लग्न अकोल्यात झालं. शेडवर पाटी 'प्रभाकर इंजिनिअरिंग वर्क्स' अशी. प्रभाकरराव म्हणजे त्यांचे यजमान. ते दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत, आलेल्याला "या, मी मालक," म्हणत, चहा सांगत, आणि काम विचारलं की आत बोट दाखवत. मशीनला त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता. शोरूममधल्या मॅनेजरसारखा पांढराशुभ्र शर्ट त्यांच्या अंगात असे. शकुताई त्यांच्याबद्दल कधी वाकडं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या होत्या, "दुकानाले एक मानूस स्वच्छ पाह्यजेच."

दांडा व्हायला तीन आठवडे लागले. दर रविवारी मी अमरावतीहून जायचो आणि दर रविवारी त्या मला परत पाठवायच्या, कारण कुठेतरी केसाएवढा फरक होता. मी म्हणायचो, "ताई, एवढ्याने काय होतंय?" त्या म्हणायच्या, "काईच नाई होत. पेपरात दोन ओळी येतेत फक्त." शेवटी दिवाळीनंतरच्या रविवारी गाडी उभी राहिली. जाड सोनेरी पाय आणि मागे माझा जुना फाटका सीट. नऊवारीवर कोट घातल्यासारखी दिसत होती, पण चालत होती झोकात. ज्या खड्ड्यांनी माझे दात वाजवले होते, ते आता कळतही नव्हते. आमच्या मित्रमंडळींनी अमरावतीबाहेर सोयाबीन निघालेल्या एका वावरात शर्यत ठेवली होती. त्यात पहिला येण्याची मी मनातल्या मनात तयारी केली, फेट्यासकट.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी शकुताईंचा फोन आला.

"मास्तर, गाडी चालवू नोका. दांडा काढा लागते."

"काय झालं?"

"माल चुकला. थो नरम लोखंडाचा झाला."

मी वर्गाच्या दारात उभा होतो, आत साठ मुलं. मी म्हटलं, "ताई, आठ दिवस चालवतोय मी. काही झालं नाही. उद्या शर्यत आहे, परवा बघू."

"परवा कोन पाह्यलं?"

"ताई, प्लीज."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, पटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात मंडप, स्पीकर, पोह्यांच्या प्लेटा, दीडदोनशे माणसं. मी हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, छातीचं चिलखत असा सगळा जामानिमा चढवून गाडीवर बसलेला, आणि धुरळ्यातून एक ऑटो थेट सुरुवातीच्या रेषेपर्यंत आला. त्यातून खाकी शर्टातल्या शकुताई उतरल्या. सकाळच्या गाडीने अकोल्याहून बडनेरा आणि तिथून ऑटो. खांद्याला बाजाराची पिशवी होती, तिच्यातून पान्याचं टोक बाहेर आलेलं.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"ताई, लोक बघताहेत."

"पाहू द्या. तिकीट कुठी लावलं त्यायले?"

मी उतरलो नाही. शकुताईंनी वाकून गाडीची चावी काढायला हात नेला आणि या गाडीला चावी नसते हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी सरळ पुढच्या चाकासमोर, त्या ढेकळांत, मांडी घातली. "आता चालवा."

स्पीकरवरच्या पोराने आमच्या क्लबात आज एक विशेष अतिथी आल्याचं जाहीर केलं. लोक हसले. मी उतरलो. मी म्हटलं, "नरम आहे म्हणता, कशावरून? दाखवा."

"हे बराबर बोलले," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

पंधरा मिनिटांत त्यांनी गाडीचं सगळं पुढचं अंग सोडवलं. ती आडवी पट्टी तिच्यातल्या दांड्यासकट तिथल्या ट्रॅक्टरच्या मागच्या हूकमध्ये पक्की अडकवली. एकाला पाण्याच्या मोटरीचा पाच फुटी पाइप आणायला लावला, तो दांड्यावर चढवला, आणि मला म्हणाल्या, "लटका."

मी जोर लावला. मी, अठ्ठावन्न किलो, ज्याला घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडता येत नाही. तो पाइप हळूच, सभ्यपणे, खाली आला. काढून पाहिलं तर दांडा कंबरेत वाकलेला.

मग त्यांनी पिशवीतून दुसरा दांडा काढला. आदल्या दिवसापासून बसून त्यांनी तो नव्याने घडवला होता. तोही तसाच अडकवला. "लटका." मी लटकलो. पाय जमिनीवरून सुटले. मी त्या पाइपला लोंबकळत राहिलो आणि दांडा आपल्या जागी होता.

"हे इथं बसत नाई," त्या दांडा पुसत म्हणाल्या. "प्रेसवर दाबा लागते. अकोल्याले या."

"म्हणजे आज मी शर्यतीत नाही."

"नाई."

"ताई, तुम्ही एवढ्या लोकांसमोर सांगितलंत. तुमच्याकडे आता कोण येणार आहे?" हे मी काळजीने बोललो नव्हतो. त्यांना लागावं म्हणून बोललो होतो.

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "चूक माही हाये, मास्तर. गजाचा उरलेला तुकडा काल दुसऱ्या कामाले लावला, तं टूल त्यात लोन्यात गेल्यासारखं गेलं. तवा समजलं. त्याच गजातून एका चक्कीचा शाफ्ट बी देल्ला होता पातूरले. त्याले काल सांगून आली. तुमी फोनवर आयकलं नाई, म्हनून यावं लागलं." आणि मंडपाकडे पाहत, "पोहे भेटतीन का? सकाऊनपासून काई खाल्लं नाई."

पोहे खाऊन त्या निघून गेल्या.

माझं भाकीत मात्र खरं ठरलं. त्या दृष्टीने मी उत्तम शास्त्रज्ञ आहे. पुढचे काही महिने आमच्या गाडीवाल्या मंडळींत 'शकुताईचं काम कच्चं' अशी हवा झाली, आणि सगळे एका काचेच्या दारांच्या नव्या वर्कशॉपकडे वळले. तिथला मालक चूक कधीच कबूल करत नसे, त्यामुळे त्याचं काम पक्कं समजलं जाई. त्याने बसवलेल्या टी दोनदा सैल झाल्या, एकदा एकाचं मनगट मोडलं, पण ती रस्त्याची चूक होती. आपल्याकडे रस्ते फार चुका करतात.

मी महिनाभर रुसून राहिलो आणि मग अकोल्याला गेलो, कारण गाडीला पुढचे पाय नव्हते. आत शकुताई दांडा दाबून बसवत होत्या. बाहेर प्रभाकररावांनी माझ्यासाठी चहा मागवला, पेपराची घडी केली, पुन्हा उघडली.

"सर, एक सांगू का?" ते म्हणाले. "थे चूक तिची नोती."

"मग कोणाची?" मी विचारलं.

"तिनं गजायच्या टोकाले रंग लावले होते. कडक लोखंडाले लाल, नरमाले पांढरा. मी खंडेनवमीच्या पूजेले दुकान साफ केलं. म्हटलं, हे काय रंगीबेरंगी, चांगलं दिसत नाई. सगळ्या गजायले चंदेरी रंग मारून देल्ला. झेंडूची माळ घातली. लय छान दिसत होतं." त्यांनी पेपराची घडी आणखी बारीक केली. "तिले सांगाची हिंमत झाली नाई अजून. तुमच्या जिवावर आलं असतं, सर."

मी आत गेलो. मशीनच्या आवाजात शकुताई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सांगतलं त्यायनं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"चंदेरी गज दिसन नाई का मले? मी काई आंधळी हावो?"

"मग तिथे सगळ्यांसमोर तुमच्यावर का घेतलंत?"

त्यांनी हात पुसले. पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलताना माझ्याकडे पाहत होत्या. "रंग त्यायनं देल्ला. गज मशीनले मी लावला. रंग गेला म्हटल्यावर घासून, कापून पाहाचं होतं मले. घाईत पाह्यलं नाई. तुमच्या पोट्ट्यानं पेपरात चुकीचं लिवलं, अन् म्हने पेन भावानं देल्ला होता, तं मार्क देता काय तुमी?" आणि लगेच, "अन् त्यायले काई बोलू नोका. थे आतापासून दसऱ्याले बी पेपरच वाचतीन."

नवा दांडा अजून माझ्या गाडीत आहे. मी पुढच्या वर्षी शर्यतीत उतरलो आणि सातवा आलो, आठ जणांत. शकुताईंना फोन केला तर म्हणाल्या, "दांड्याचा दोष नाई हो याच्यात."

काही जण पुढे त्यांच्याकडे परत आले, बरेचसे आले नाहीत. शकुताई चक्क्यांचे शाफ्ट, मोटारींचे बुश करत राहिल्या. मी मात्र जात राहिलो, काम असो नसो. तिथे गेलं की तासाभरात माझा दोनतीनदा अपमान होई आणि मला बरं वाटे.

चारपाच वर्षांनी एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. मशीन बंद होतं. त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं हलत होती, अगदी बारीक, झाडाचं पान वारा नसताना हलावं तशी.

"डॉक्टर म्हनते, वाढत जाईन हे. दुकान बंद करतो."

"ताई, थोडंसंच तर आहे."

"थोडंसं म्हंजे किती, मास्तर? मापात सांगा." मला मापात सांगता येईना. "चांगलं काम करून देतो म्हनाचं अन् मनात धुकधुक ठेवाची, हे मले जमत नाई."

लेथ पातूरच्या त्या चक्कीवाल्याने नेलं. ट्रकवर चढवताना शकुताई "हळू, हळू, थे पोटुशी हाये असं समजा," म्हणून हमालांवर ओरडत होत्या. ट्रक गेल्यावर त्या प्रभाकररावांच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडून बसल्या. दोन वर्षं त्या खुर्चीवर बसून त्यांनी पेपरातल्या छपाईच्या चुका काढल्या. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत त्या गेल्या.

तेरवी झाल्यावर प्रभाकररावांबरोबर मृत्यूच्या नोंदीच्या कामाला मी गेलो. खिडकीतला कारकून अर्ज भरून घेत होता. नाव, वय, पत्ता. व्यवसायाच्या रकान्यापाशी त्याने न विचारताच 'गृहिणी' लिहिलं.

"थे खोडा," प्रभाकरराव म्हणाले.

"काका, दाखल्यावर हे छापून येत नाही. काय फरक पडतो?"

"मले पडते. टर्नर लिवा."

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि खोडून वर लिहिलं. प्रभाकररावांनी खिशातून चष्मा काढला, कागद जवळ ओढून वाचला.

"टेलर लिवलं तुमी."

"तेच म्हणालात ना?"

"टर्नर. लेथवर काम करे ते. लोखंडाचं." त्यांचा आवाज चढला होता. रांगेतली माणसं बघायला लागली. "तीस वर्षं."

"आता खाडाखोड चालणार नाही काका, एकदा केली ना."

"मंग नवा फारम द्या."

कारकुनाने नवा अर्ज सरकवला. पांढऱ्या शर्टातले प्रभाकरराव तो घेऊन भिंतीजवळच्या बाकावर बसले. मी म्हटलं, "द्या, मी भरतो." त्यांनी मान हलवली. गुडघ्यावर पेपराची घडी ठेवली, तिच्यावर अर्ज ठेवला, माझं पेन मागून घेतलं, आणि पहिल्या रकान्यापासून, एकेक अक्षर तपासत, लिहायला लागले.